शेतात गेले की अंगाला खाज: गाजर गवत, बिब्बा आणि कामातून होणारी त्वचेची ॲलर्जी

साधारण पन्नाशीचे एक शेतकरी काका माझ्या दवाखान्यात अधूनमधून येत असत. तक्रार एकच. चेहरा, मान आणि हातांना प्रचंड खाज, कातडी लाल आणि जाड झालेली. पहिल्या तीन वेळा मी त्यांना खाजेची गोळी आणि मलम दिले. ‘काही वेगळं खाल्लं का?’ असेही विचारले. घरच्यांनी त्यांची वांगी, अंडी आणि शेंगदाणे आधीच बंद केले होते. चार-आठ दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा तेच.

चौथ्या वेळी काकू सोबत आल्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “लेकीकडं मुंबईला पंधरा दिवस होते, तर अंग एकदम स्वच्छ. गावाकडं आले, बांधावरचं गाजर गवत उपटलं, की तिसऱ्या दिवशी परत तोंड सुजलं.”

निदान खरे तर काकूंनीच केले होते. काय खाता, हे मी विचारत होतो. काय काम करता आणि कुठे करता, हे विचारायचे राहून गेले होते. त्वचेच्या ॲलर्जीच्या बाबतीत ही चूक आपण सगळेच करतो. रुग्ण ताटात कारण शोधतो, डॉक्टर घाईत मलम लिहून देतात आणि खरे कारण शेताच्या बांधावर वाढत राहते. म्हणून आज कामाच्या ठिकाणी वनस्पतींमुळे होणाऱ्या त्वचाविकारांविषयी थोडे सविस्तर.

गाजर गवत कुठून आले?

गाजर गवत म्हणजेच काँग्रेस गवत. काही भागांत याला चटकचांदणी असेही म्हणतात. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पाने गाजरासारखी कातरलेली, फुले बारीक आणि पांढरी. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे १९५०च्या दशकाच्या मध्यात पुण्यात तिची नोंद झाली. आयात धान्यातून तिचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढच्या काही दशकांत ती देशभर पसरली. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि पाणी मिळाले तर ते वर्षातल्या कोणत्याही ऋतूत उगवते. रस्त्याची कडा, पडीक जमीन, शेताचा बांध, शाळेचे मैदान, कुठेही.

गवत पसरले, तसे त्वचेचे रुग्णही वाढले. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या गवतामुळे होणाऱ्या त्वचाविकारावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. जगभरात आज या आजाराविषयी जे वाचायला मिळते, त्याची सुरुवात बऱ्याच अंशी आपल्या पुण्यातल्या रुग्णांपासून झाली आहे.

खाज का येते?

या गवताच्या पानांवर, खोडावर आणि फुलांवर अगदी बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेवर पडले, की त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते. काही लोकांची रोगप्रतिकारशक्ती या जोडीला शत्रू समजते आणि तिची कायमची ओळख ठेवते. पुढच्या वेळी हे द्रव्य अंगावर पडले, की रक्तातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशी त्वचेत जमा होतात आणि सूज, लाली, खाज सुरू होते. याला ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्माटायटिस, म्हणजेच स्पर्शामुळे होणारे इसब म्हणतात.

यातल्या तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली, ही ॲलर्जी उशिराने दिसते. गवताचा संपर्क आला, की साधारण एक ते तीन दिवसांनी त्रास सुरू होतो. सोमवारी खुरपणी केली आणि बुधवारी तोंड सुजले, तर माणसाला मंगळवारचे जेवण आठवते, सोमवारचे गवत आठवत नाही.

दुसरी, ही ॲलर्जी पहिल्या स्पर्शाला होत नाही. अनेक महिने, कधी कधी अनेक वर्षे संपर्क आल्यावर ती तयार होते. ‘एवढं आयुष्य शेतात गेलं, कधी काही झालं नाही, आताच कसं होईल?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर असे, की एवढे आयुष्य शेतात गेले म्हणूनच आता झाले. लहान मुलांमध्ये हा आजार क्वचित दिसतो, तर उघड्यावर काम करणाऱ्या प्रौढांमध्ये, त्यातही पुरुषांमध्ये जास्त, याचे एक कारण हेच.

तिसरी, गवताला हात लावलाच पाहिजे असे नाही. वाळलेल्या झाडाचा भुगा आणि लवीचे कण वाऱ्याने उडतात आणि उघड्या अंगावर बसतात. त्यामुळे शेतात न जाणाऱ्या, पण घराच्या मागे हे गवत वाढलेले आहे अशा माणसालाही त्रास होऊ शकतो.

लक्षणे कशी ओळखायची?

सुरुवात बहुधा उघड्या भागांवर होते: चेहरा, वरच्या पापण्या, कानामागचा भाग, हनुवटीखाली, मान, शर्टाच्या गळ्यातून दिसणारी छाती आणि हात. हवेतले कण घामासोबत घड्यांमध्ये साचतात, म्हणून कोपराच्या खळग्यात आणि गुडघ्यामागेही चट्टे येतात. आधी लाली आणि बारीक पुरळ, मग खाजवून लस येणे, आणि वर्षे गेली की कातडी जाड, काळपट आणि खरखरीत होणे. पावसाळ्यात गवत वाढते, तेव्हा अनेकांचा त्रास वाढतो. काही जणांना सोबत शिंकाही येतात.

या आजाराची दोन आजारांशी गल्लत होते.

• उन्हाची ॲलर्जी: यातही चेहरा आणि हात लाल होतात. पण जिथे ऊन पोहोचत नाही, म्हणजे वरच्या पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग, तिथे त्वचा बरीचशी चांगली राहते. गाजर गवताचे कण मात्र तिथेही बसतात. काही जुन्या रुग्णांमध्ये गवताच्या ॲलर्जीसोबत उन्हाचाही त्रास सुरू होतो, तेव्हा निदान अवघड होते.

• गजकर्ण (नायटा): हा बुरशीचा संसर्ग आहे. याचे चट्टे गोल, कडेला उठलेले आणि मध्ये निवळलेले असतात. ते बहुधा जांघेत, कमरेवर किंवा काखेत दिसतात आणि घरातल्या इतरांनाही होतात. गवताची ॲलर्जी एकाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाचा टॉवेल, ताट किंवा अंथरूण वेगळे ठेवण्याची गरज नाही.

पॅच टेस्ट म्हणजे काय?

शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. गाजर गवताचा अर्क आणि इतर नेहमीची ॲलर्जीची द्रव्ये छोट्या पट्ट्यांवर घेऊन पाठीवर चिकटवतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढून त्वचा पाहतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. ज्या जागी लाली, फुगवटा किंवा पुरळ उठते, त्या द्रव्याची ॲलर्जी आहे असे समजतात. या काळात पाठ ओली करायची नाही आणि घाम येईल असे काम टाळायचे. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण त्यामुळे खरी ॲलर्जीही दबून राहू शकते.

इथे एक सूचना. ‘ॲलर्जी पॅनेल’ म्हणून ज्या रक्ताच्या महागड्या तपासण्या केल्या जातात, त्या वेगळ्या प्रकारच्या, म्हणजे लगेच उठणाऱ्या ॲलर्जीसाठी असतात. स्पर्शाच्या इसबाचे कारण त्यातून कळत नाही. खर्च करण्याआधी विचारून घ्या.

उपचार

गवताचा संपर्क थांबला नाही, तर कोणतेही औषध तात्पुरतेच. हे वाक्य मी प्रत्येक रुग्णाला दोनदा सांगतो. त्यासोबत पुढील उपचार केले जातात.

• योग्य ताकदीचे स्टिरॉइड मलम, ठरावीक दिवसांसाठी. चेहऱ्यासाठी सौम्य, जाड कातडीसाठी तीव्र. हा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा.

• त्वचा मऊ ठेवणारे साधे मलम किंवा खोबरेल तेल, दिवसातून दोन-तीन वेळा.

• खाजेच्या गोळ्या. यांनी झोप लागायला मदत होते, पण मूळ सूज फारशी कमी होत नाही.

• त्रास फार असेल तर थोड्या दिवसांसाठी पोटातून स्टिरॉइड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

• वारंवार होणाऱ्या किंवा अंगभर पसरलेल्या आजारात अॅझाथायोप्रिन हे रोगप्रतिकारशक्ती शांत करणारे औषध. दिल्लीच्या एम्समधील त्वचारोगतज्ज्ञांनी गाजर गवताच्या रुग्णांवर या औषधाचे अभ्यास केले आहेत आणि त्यातून अनेक रुग्णांना दीर्घकाळ स्टिरॉइड घेण्यापासून वाचवता येते, असे दिसले आहे. हे औषध चालू असताना रक्तातील पेशी आणि यकृत यांच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. गाउटसाठी अॅलोप्युरिनॉल घेत असाल, तर ते आवर्जून सांगा. ही दोन औषधे नेहमीच्या मात्रेत एकत्र घेणे धोक्याचे असते.

आता मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेल्या ट्यूबबद्दल. स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक असे सगळे एकत्र असलेल्या या ट्यूब पहिल्या दोन दिवसांत जादू दाखवतात. मग महिनोन्महिने लावल्याने कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लाल शिरा आणि पुरळ दिसू लागते, आणि गजकर्ण असेल तर ते दबून राहून पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात. तसेच, नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्यांनी खाज एकदम गेली, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता असते. अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील तर त्या अचानक बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, रक्तदाब आणि हाडे ठिसूळ होणे हे यांचे दुष्परिणाम मी गावात नेहमी पाहतो.

गाजर गवत एकटे नाही

गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातले आहे. त्यामुळे ज्यांना याची ॲलर्जी आहे, त्यांच्यापैकी काहींना शेवंती, सूर्यफूल किंवा डेलिया यांचाही त्रास होतो. हार-फुले विकणाऱ्या एखाद्या ताईंच्या बोटांना सणासुदीच्या दिवसांत भेगा आणि खाज येत असेल, तर फक्त ‘पाण्यातलं काम’ असे म्हणून सोडून देऊ नये.

दुसरे कुळ आंब्याचे. यात आंबा, काजू आणि बिब्बा ही आपली रोजच्या ओळखीची झाडे येतात. हापूसच्या देठाचा चीक लागून ओठाभोवती उठलेले फोड कोकणात कुणाला नवीन नाहीत. काजूच्या टरफलातले तेल तर त्याहून तिखट. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यात काजू फोडण्याच्या कामावर बहुतांशी महिला असतात. बोटांची कातडी काळी पडणे, सोलणे, चिरा पडणे हे त्या ‘कामाचा भाग’ म्हणून सोसतात. हाताला तेल किंवा राख लावून काम करण्याची जुनी पद्धत आहे, पण ते हातमोज्यांची जागा घेऊ शकत नाही. विदर्भाच्या काही भागांत बिब्बा फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचीही हीच अवस्था. आपण डिंकाच्या लाडवात गोडंबी घालतो, तेव्हा ती कुणाच्या तरी भाजलेल्या हातांतून आलेली असते.

बिब्ब्याचा रस म्हणजे न पुसली जाणारी शाई. धोबी कपड्यांवर खूण करायला तो वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर विचित्र चट्टे उठू लागले. ते कॉलरवरच्या धोब्याच्या खुणेमुळे होते, हे १९४३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवले. त्यांच्या देशातल्या ‘पॉयझन आयव्ही’ या वेलीतले द्रव्य आणि बिब्ब्यातले द्रव्य रासायनिकदृष्ट्या जवळचे. त्यामुळे त्या वेलीची ॲलर्जी असलेल्या सैनिकाला नुसत्या खुणेचाही त्रास होई.

‘झाडपाल्याचं आहे, त्याने काय होणार?’

हा प्रश्न मला सर्वांत जास्त ऐकू येतो. पाय मुरगळला, टाच दुखली, काटा रुतला, की आजही बिब्बा गरम करून लावतात. मग मध्ये काळा डाग, भोवती पाण्याने भरलेले फोड आणि रस ओघळला तिथे लांबट चट्टा, असे रूप घेऊन रुग्ण येतो. कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही. आयुर्वेदातही भल्लातक, म्हणजे बिब्बा, कच्चा वापरत नाहीत. विटेच्या भुकटीत घोळून, धुऊन त्याचे शोधन करण्याची पद्धत सांगितलेली आहे. ज्या शास्त्रात हे औषध आहे, त्याच शास्त्रात त्याची भीतीही आहे.

याचा अर्थ वनस्पती वाईट, असा मुळीच नाही. त्वचारोगांची काही महत्त्वाची औषधे झाडांपासूनच मिळाली. ‘गोवा पावडर’ हे त्याचे एक उदाहरण. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली ही भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि नायट्यावर वापरली जाऊ लागली, म्हणून तिला हे नाव पडले. १८७०च्या दशकात लंडनमधील डॉक्टर बालमॅनो स्क्वायर यांना ती सोरायसिसवर उपयोगी असल्याचे आढळले. पहिल्या महायुद्धात जर्मनीत हिचा तुटवडा झाला, तेव्हा १९१६ मध्ये तिच्यातल्या द्रव्यासारखेच डिथ्रॅनॉल कारखान्यात बनवले गेले. सोरायसिससाठी ते अनेक दशके वापरले गेले. पण हेच डिथ्रॅनॉल जास्त वेळ किंवा चांगल्या कातडीवर राहिले, तर जळजळ करते आणि डाग पाडते. म्हणून त्याची मात्रा आणि ते किती मिनिटे ठेवायचे, हे ठरवावे लागले.

बावचीचेही तसेच. कोडावर, म्हणजे पांढऱ्या डागांवर, आपल्याकडे बावचीचा वापर फार जुना. तिच्यात सोरालेन गटातली द्रव्ये असतात. ती त्वचेला प्रकाशासाठी संवेदनशील करतात. १९४०च्या दशकात कैरोमध्ये डॉ. अल मोफ्ती यांनी नाईलच्या खोऱ्यातल्या एका वनस्पतीतून मिळालेले याच गटातले द्रव्य कोडावर वापरून पाहिले आणि सोरालेन व अतिनील किरण यांच्या आधुनिक उपचाराचा पाया घातला गेला. दवाखान्यात औषधाची आणि प्रकाशाची मात्रा मोजून दिली जाते. घरी बावचीचे तेल चोळून उन्हात बसले, तर ती मात्रा कोण मोजणार? अशा भाजलेल्या कातडीचे रुग्ण मी पाहिले आहेत.

म्हणजे झाडात ताकद असते, म्हणूनच ते औषध ठरते आणि म्हणूनच ते अपायही करते. संशोधनाने केलेले काम म्हणजे नेमके द्रव्य, नेमकी मात्रा आणि नेमका रुग्ण शोधणे.

शेतात काम करताना काय काळजी घ्यावी?

१. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने गाजर गवत स्वतः उपटू नये. घरातल्या किंवा शेजारच्या, त्रास नसलेल्या माणसाने हातमोजे घालून, पाऊस पडून माती ओली असताना, फुलोऱ्याआधी मुळासकट उपटावे. एकट्यावर अवलंबून न राहता गावाने मिळून हे काम केले तर जास्त उपयोग होतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह असतो. ग्रामपंचायतीला हे निमित्त चांगले आहे.

२. उपटलेले गवत घराजवळ वाळत घालू नये. वाळलेला भुगाही तितकाच त्रासदायक असतो.

३. कामावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण पँट, हातमोजे आणि तोंडाला उपरणे किंवा स्कार्फ वापरावा. उपरणे रोज धुवावे. न धुतलेल्या उपरण्यात कण साठतात आणि तेच दुसऱ्या दिवशी तोंडाला लागते.

४. घरी आल्याबरोबर आंघोळ करून कपडे बदलावेत. धुतलेले कपडे गवत असलेल्या बाजूला वाळत घालू नयेत.

५. मेक्सिकोहून आणलेले आणि १९८४ पासून आपल्याकडे सोडलेले झायगोग्रामा जातीचे भुंगेरे पावसाळ्यात या गवताची पाने खातात. गवतावर ठिपक्या-रेघांचे पिवळट भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका.

६. काजू, बिब्बा किंवा फुलांच्या कामात असाल, तर चांगले हातमोजे मागून घ्या. फाटलेला मोजा वापरू नका. आत रस गेला तर तो जास्त वेळ त्वचेला चिकटून राहतो.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

• संपूर्ण अंग लाल होऊन कातडीचे पापुद्रे निघत असतील, थंडी वाजत असेल

• चट्ट्यांतून पू येत असेल किंवा ताप असेल

• डोळे दुखत असतील, उघडता येत नसतील

• श्वास घ्यायला त्रास होत असेल

• तीन आठवडे उपचार करूनही खाज थांबत नसेल

डॉक्टरांकडे जाताना एक छोटी वही सोबत न्या. त्रास कधी सुरू झाला, त्याआधीच्या तीन दिवसांत कोणते काम केले, बाहेरगावी गेल्यावर बरे वाटते का आणि आतापर्यंत कोणकोणती मलमे लावली, एवढे लिहिलेले असले तरी पुरे. जुन्या ट्यूबही पिशवीत टाका. आणि डॉक्टरांनी कामाबद्दल विचारले नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

आमच्या काकांची पॅच टेस्ट गाजर गवतासाठी पॉझिटिव्ह आली. त्वचारोगतज्ज्ञांनी औषधे सुरू केली. मुलाने आणि पुतण्याने दोन पावसाळे लागोपाठ बांध साफ केले. काका अजूनही शेतात जातात. शेती सोडा, असे त्यांना कुणी सांगितले नाही, सांगून उपयोगही नव्हता. त्रास पूर्ण गेलेला नाही, पण गेल्या पावसाळ्यात त्यांना स्टिरॉइडची गोळी लागली नाही. आणि त्यांची वांगी, अंडी आणि शेंगदाणे पुन्हा सुरू झाले आहेत.